अप्रकट उष्मा

आमच्या शाळेतल्या बाकांच्या फळ्या सागवानी होत्या आणि पाय लोखंडी. अमरावतीला जानेवारीत सकाळी सातच्या शाळेला हाफपँट घालून जायचं, त्यामुळे पोटऱ्या त्या लोखंडाला लागू नयेत म्हणून पहिला तास पाय अधांतरी धरण्यातच जायचा. १९७६ सालच्या एका सकाळी विज्ञानाच्या सरांनी ते पाहिलं आणि विचारलं, "लोखंड जास्त गार की लाकूड?" अख्खा वर्ग एका सुरात, "लोखंड!" सरांनी कपाटातून थर्मामीटर काढला, फळीला सुतळीनं बांधला, दहा मिनिटं थांबले, मग तोच लोखंडी पायाला बांधला. पारा त्याच रेघेवर. आम्हाला वाटलं थर्मामीटर बिघडला.

"गार काही नाही," सर म्हणाले. "दोन्ही सारखेच आहेत. लोखंड तुमच्या पायातली उष्णता घाईघाईनं ओढून घेतं, लाकडाला घाई नसते. तुम्हाला कळते ती ही घाई."

पुढे पुस्तकात या सगळ्याला नावं मिळाली: वहन, अभिसरण, प्रारण. सुवाहक, दुर्वाहक. मेणानं टाचण्या चिकटवलेली धातूची सळई आणि एकामागून एक पडत जाणाऱ्या टाचण्या. अप्रकट उष्मा बर्फाचा ८०, वाफेचा ५४०, हे आकडे तर झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगितले असते. पण या धड्यातलं सगळं आपल्याच घरात, स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत चाललेलं आहे, हे लक्षात यायला मला पन्नाशी उलटावी लागली. तोवर त्यातल्या निम्म्या वस्तू मोडीत गेल्या होत्या.

आमची चूल मातीची होती. पुढे मोठं तोंड आणि मागच्या अंगाला वैल. जाळ पुढच्या भांड्याखाली असायचा. त्यातून निसटलेला तापलेला धूर मागे वळून वैलाखालून जायचा आणि जाता जाता त्याच्याकडून वरणाला एक उकळी काढून घेतली जायची. भाकरी तव्यावर एका बाजूनं शेकली की ती निखाऱ्यांसमोर उभी करायची. तव्यावर होतं ते वहन, निखाऱ्यांसमोर होतं ते प्रारण. आईला यातला एकही शब्द ठाऊक नव्हता, पण तव्यावरून भाकरी कधी उचलायची हे ती भाकरीकडे न पाहता सांगायची.

साध्या चुलीत जळणाऱ्या लाकडाची जेमतेम दहा ते पंधरा टक्के उष्णता भांड्यात पोचते. बाकीची कुठे जायची? थोडी चुलीच्या मातीत, पुष्कळशी धुराबरोबर कौलांतून बाहेर, आणि उरलेली आईच्या अंगावर. "माध्यमाशिवाय होणारे उष्णतेचे संक्रमण म्हणजे प्रारण," असं मी ओट्यावर बसून मोठ्यानं घोकत असे, तेव्हा ते संक्रमण माझ्यापासून चार हातांवर चालू असायचं. एप्रिल-मे महिन्यात बाहेर ४४ अंश. आईचा उजवा गाल डाव्यापेक्षा काळवंडलेला होता. तो तसा का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

१९८१ साली गॅसचा नंबर लागला. चूल मोडली तेव्हा आजी दोन दिवस हळहळली. आईनं त्याच दुपारी भिंतीवरची काजळी खरवडून चुना मारला. हल्ली हमरस्त्यावर ठिकठिकाणी 'चुलीवरचं मटण', 'चुलीवरची भाकरी' अशा पाट्या दिसतात आणि त्याचे चार पैसे जास्त लागतात. अशा एका ठिकाणी मी आईला कौतुकानं घेऊन गेलो होतो. ती म्हणाली, "चुलीपुढे कोण बसलं आहे ते पाहून ये आधी." मी गेलो नाही.

बंबाबद्दल मात्र मी हळवा आहे, कारण तो पेटवायचं काम माझं होतं आणि त्याचा धूर अंगणात जायचा. तांब्याचा बंब, मधोमध उभं नळकांडं. त्यात वरून गोवरीचे तुकडे, तुराट्या, पऱ्हाट्या सोडायच्या. आग आत आणि पाणी तिच्या चहूबाजूंनी, त्यामुळे उष्णतेला दुसरीकडे पळायला वावच नाही. जिकडे जाईल तिकडे आधी तांबं, मग पाणी. आमच्या बंबाला चावी नव्हती. वरच्या पसरट तोंडातून एक तांब्या गार पाणी ओतलं की ते आतल्या नळीनं तळाशी जायचं आणि वर तरंगणारं कढत पाणी तेवढंच तोटीतून बादलीत पडायचं. गार पाणी जड, तापलेलं हलकं. एवढ्या एका गोष्टीवर आठ माणसांच्या आंघोळी व्हायच्या. घातल्याशिवाय काढताच येत नसल्यामुळे बंब रिकामा करून ठेवला म्हणून भांडण होणंच शक्य नव्हतं. भांडणं व्हायची ती शेवटच्या नंबराला कोमट पाणी येतं म्हणून.

आता पुण्यात सातव्या मजल्यावर पांढरा गुळगुळीत गिझर आहे. प्लंबर दुरुस्तीला आला तेव्हा मी त्याला आतली रचना विचारली. गार पाण्याचा पाइप तळाशी सोडलेला, गरम पाण्याचा वरून घेतलेला. गार आत शिरतं आणि गरमला बाहेर ढकलतं. म्हणजे आमचा बंबच. वरची टाकी रिकामी झाली की गिझर काठोकाठ भरलेला असूनही नळाला गरम पाण्याचा थेंब येत नाही, याचं कारणही तेच. सोसायटीत सगळे वॉचमनवर ओरडतात. मी ओरडत नाही. एक तांब्या ओतल्याशिवाय एक तांब्या मिळत नाही, हे मला ठाऊक आहे.

गच्चीवर सोलर आहे त्याच्या काळ्या नळ्यांशीही माझी जुनी ओळख निघाली. प्रत्येक नळी म्हणजे काचेत काच, आणि दोन्हींच्या मधली हवा काढून घेतलेली. जेम्स ड्यूअर नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञानं १८९२ साली अतिथंड द्रव वायू साठवायला ही युक्ती काढली. हवाच नाही तर वहन कशातून होणार आणि अभिसरण कशाचं? राहिलं प्रारण, त्याला अडवायला चांदीचा मुलामा. त्यानं पेटंट घेतलं नाही, आणि त्याच्या युक्तीचा थर्मास करून विकणाऱ्यांनी पैसा केला. आमच्या गल्लीत थर्मास एकच होता, आमचा. कुणाच्याही घरचं माणूस दवाखान्यात असलं की तो मागायला यायचे. आत चहा नाहीतर मऊ भात, वर बूच, त्यावर प्लास्टिकचं झाकण हाच कप. थर्मास गेला की समजायचं, कुणाचं तरी ऑपरेशन आहे. एकदा मी तो न्हाणीघराच्या पायरीवर आपटला. बाहेरून ओरखडासुद्धा नाही, पण हलवला की आत झिणझिण. बाबा रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "आता शेजाऱ्यांच्या मुलीचं बाळंतपण आहे, त्यांना काय सांगायचं?" मला आजही सोलरच्या नळ्या पुसायला भीती वाटते.

माठाचं कौतुक सगळेच करतात, म्हणून मी फक्त हिशेब सांगतो. उन्हाळ्यातल्या हवेत पाण्याचा एक ग्रॅम उडून जाताना साधारण ५८० कॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो. म्हणजे माठाच्या अंगातून पेलाभर, २०० ग्रॅम पाणी पाझरून उडालं, तर त्या बदल्यात आतलं साडेअकरा लिटर पाणी दहा अंशांनी उतरू शकतं. बाहेरची तापलेली हवा त्यातली काही उष्णता परत आत लोटते, तेवढा तोटा धरायचा. एवढं सगळं विजेशिवाय आणि आवाजाशिवाय. अट एकच, हवा कोरडी हवी. आमच्याकडे मे महिन्यात ती इतकी कोरडी की धुतलेलं धोतर दोरीवर टाकून घरात येईपर्यंत वाळायचं. घडवंचीवरचा माठ सदा घामेजलेला असायचा आणि त्याखाली आजीनं ठेवलेल्या परळात चिमण्या पाणी प्यायच्या.

आता बाजारात माठाला नळ असतो आणि अंगावर ऑइलपेंटनं काढलेली वारली नक्षी. रंगानं छिद्रं बुजली की माठ आणि प्लास्टिकची बादली यांत फरक काय राहिला? गेल्या वर्षी असाच एक माठ मी कुणीतरी भेट दिला म्हणून घरात ठेवला. पाणी होतं तसंच. शेवटी त्यात मनीप्लांट लावला.

कूलरचंही तसंच. वऱ्हाडात कूलर म्हणजे कुटुंबातला माणूस. एप्रिल लागला की ताट्या बदलायच्या, पंप तपासायचा, खिडकीत स्टँडवर चढवायचा. त्याआधी बाबांच्या कचेरीत दाराला वाळ्याच्या ताट्या होत्या आणि त्यांवर पाणी मारायला एक माणूस असायचा; तो वास अजून नाकात आहे. धाकट्या भावाची बदली डोंबिवलीला झाली तेव्हा त्यानं हौसेनं घरचा कूलर ट्रकमधून नेला. तिथली हवा आधीच पाण्यानं जड. ती आणखी पाणी घेईना, मग उष्णता तरी कशी नेणार? आठवड्याभरात गाद्यांना वास आणि पापडांना बुरशी. कूलर परत अमरावतीला आला, पुन्हा ट्रकमधून.

मग आले फ्रिज आणि एसी. ते उष्णता नाहीशी करत नाहीत, उचलून दुसरीकडे नेऊन टाकतात. जुन्या फ्रिजच्या पाठीला काळी जाळी असायची आणि पावसाळ्यात तिच्यावर आम्ही मोजे वाळत घालायचो. आदल्या दिवशीच्या वरणातून काढलेली उष्णता मोज्यांच्या कामी यायची. एसीची उष्णता मात्र कुणाच्याच कामी येत नाही. आमच्या इमारतीच्या डक्टमध्ये चौदा घरांची बाहेरची यंत्रं एकमेकांच्या तोंडावर फुंकर मारत उभी आहेत. मे महिन्यात रात्री अकराला डक्टकडची खिडकी उघडली की बंबाच्या नळकांड्यात डोकावल्यासारखं वाटतं. तक्रार कुणाकडे करणार? त्यात माझंही एक यंत्र आहे.

भांड्यांच्या बाबतीत आमच्या घरानं मूर्खपणा केला, आणि तो साऱ्या महाराष्ट्रानं केला म्हणून लाज थोडी कमी वाटते. तांब्यातून उष्णता स्टेनलेस स्टीलच्या सुमारे पंचवीसपट सहज वाहते, पितळेतून सातपट. पितळी पातेल्यात दूध तापवलं तर जाळ तळाच्या मधोमध लागला तरी उष्णता बाजूंना पसरायची. पण या भांड्यांना कल्हई लागायची, नाहीतर ताक, कढी, चिंचेची आमटी कळकायची. दर तीन-चार महिन्यांनी कल्हईवाला गल्लीच्या तोंडाशी खड्डा खणून भाता लावायचा. भांडं तापलं की नवसागराची चिमूट, पांढरा धूर, आणि कथलाची कांडी नुसती टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे तसं लवकरच. कापसाचा बोळा एकदा गोल फिरला की काळ्या पातेल्याच्या पोटात चंद्र उगवायचा. आम्ही शाळेला दांडी मारून ते बघायचो.

मग स्टील आलं. घासायला हलकं, कल्हई नको, चकचकीत. मुख्य म्हणजे कळकत नाही. आजीची परात, गुंड्या, बाबांच्या आजोळची पातेली, सगळं वजनावर मोडीत गेलं आणि त्या पैशांतून डबे, ताटं, वाट्या आल्या. आईला आनंद झाला, आणि तो रास्तच होता; राख-चिंचेनं पितळ घासून तिची नखं कधी वाढलीच नव्हती. फक्त दूध तळाला लागायला लागलं. ज्वाळेच्या बरोबर वर एक तपकिरी गोल डाग, कारण स्टीलमध्ये उष्णता जिथे लागते तिथेच अडून बसते. मग तळाला तांब्याचा थर दिलेली पातेली आली. आता सूनबाईनं आणलेलं पातेलं 'ट्रायप्लाय' आहे: दोन स्टीलच्या पत्र्यांच्या मधे ॲल्युमिनियम. किंमत ऐकून मी आजीच्या परातीचं वजन आठवायचा प्रयत्न केला.

उष्णता किती वेळात किती आत शिरते, याचा धडा मात्र मला पुस्तकानं नाही, रोडग्यांनी दिला. आमच्याकडे नवसाला, शेतातल्या जेवणाला रोडगे. कणकेच्या पाच पातळ पोळ्या एकात एक गुंडाळून मुठीएवढा गोळा करायचा, गोवऱ्या पेटवून त्यांचा आर झाला की त्यात पुरायचा. आर म्हणजे ज्वाळा विझल्यावर उरलेला, राखेनं पांघरलेला विस्तव. राख दुर्वाहक, म्हणून आतला विस्तव तासन्‌तास तग धरतो आणि रोडग्याला चटका न देता शेकतो. आजीचा एकच हट्ट असे, सगळे रोडगे एका मापाचे हवेत. एकदा मामांनी 'आपल्याला मोठा' म्हणून दुप्पट जाड वळला. बाकीचे तयार झाले तेव्हा त्याला आणखी तेवढाच वेळ दिला. फोडला तर बाहेर कोळसा आणि आत कच्ची कणीक. पुढे कॉलेजात कळलं की जाडी दुप्पट झाली तर उष्णतेला मध्यापर्यंत पोचायला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. फ्रान्सच्या जोसेफ फूरिएनं १८२२ सालच्या ग्रंथात हे गणित मांडलं होतं. आजी मामांना एवढंच म्हणाली होती, "मोठ्याला उशीर नाही लागत बाप्पा, लई उशीर लागतो." आता नागपूरची मावसबहीण ओव्हनमध्ये २०० अंशांवर रोडगे करते. चांगले होतात. राख झटकावी लागत नाही, तूप मात्र तेवढंच लागतं.

उन्हाळ्यातली झोप मला राहून राहून आठवते. संध्याकाळी गच्चीवर चार बादल्या पाणी मारायचं. पहिली बादली पडताच फरशी चर्रर करायची आणि पायांना खालून वाफ लागायची. नऊ वाजता गाद्या टाकल्या तरी खालून उबारा येत राहायचा, पण वर आभाळ मोकळं होतं. निरभ्र कोरड्या रात्री गच्ची, गादी, आपण, सगळेच आपली उष्णता आभाळाकडे सोडत असतो आणि आभाळ फारसं काही परत करत नाही. पहाटे तीनला आई उठून सगळ्यांच्या अंगावर गोधड्या टाकायची. दुपारी ४५ अंश असलेल्या गावात, मे महिन्यात, गोधडी! आता सातव्या मजल्यावर डोक्यावर कुणाची तरी स्लॅब, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. भिंत दिवसभर खाल्लेलं ऊन रात्री माझ्या खिडकीत ओकते. आभाळाचा एक लांबट तुकडा दिसतो, तोही बाल्कनीत वाकून पाहिलं तर.

आई आता शहाऐंशी वर्षांची आहे आणि आमच्याकडे असते. सूनबाईनं इंडक्शनची शेगडी आणली तेव्हा आईनं तिच्यावर हात ठेवून पाहिला. गार. पाणी उकळलं. शेगडी बंद करून पातेलं उचललं, तेव्हा काच गरम. आईला हे काही पटेना. मी समजावलं की शेगडी तापतच नाही, ती भांड्याच्या लोखंडातच वीज फिरवते, त्यामुळे भांडं आपलं आपणच तापतं आणि मग त्याच्यामुळे काच तापते. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "म्हणजे आता भांडंच चुलीला तापवते." इतकं नेमकं मला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

तिच्या बोटांना चटका कळत नाही. पन्नास वर्षं ज्वाळेवरून फुलके उचलून पेरांची कातडी जाड झाली आहे. मायक्रोवेव्हमधली काचेची वाटी ती उघड्या हातानं काढते. मी रुमाल शोधत धावतो तोवर वाटी टेबलावर असते.

गेल्या दिवाळीत मी तिला दुहेरी भिंतीचा, मधे निर्वात पोकळी असलेला स्टीलचा मग आणला. ड्यूअरचाच नातू. तिचा चहा नेहमी थंड होतो अशी माझी समजूत होती, कारण ती कप पुढ्यात ठेवून गप्पा मारत बसायची. पहिल्या दिवशी तिनं मग तोंडाला लावला आणि खाली ठेवला. पाच मिनिटांनी पुन्हा. दहा मिनिटांनी झाकण काढून आत फुंकर मारली. मग मला हाक मारली.

"काहून रे, हा चहा काही थंडच होत नाही न. मी काय दुपारपर्यंत याच्या तोंडाकडे पाहत बसू?"

मी म्हणालो, "अगं, तीच तर खुबी आहे त्याची."

"असेल," ती म्हणाली. "जा, बशी आण."